ताटाचा ताळेबंद – दूध वगळून



अकरावीच्या वर्गात प्रकाशाचे विकिरण शिकवताना मी नेहमी एक साधा प्रयोग करून दाखवतो. पेलाभर पाण्यात दुधाचे दोन थेंब टाकायचे आणि त्यातून बॅटरीचा झोत सोडायचा. एकदा असा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी टेबलाशी थांबली आणि म्हणाली, "सर, मी दूध सोडले आहे. दही, ताक, तूप, पनीर, सगळेच. आई म्हणते, हाडे ठिसूळ होतील. मी म्हणते, काही होत नाही, जगात कितीतरी माणसे असे जेवतात. महिनाभर घरात हाच वाद चालला आहे. खरे कोणाचे?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो, आहारशास्त्र नव्हे. पण एखाद्या राशीविषयी वाद असेल तर ती मोजावी, हा आमच्या विषयाचा पहिला धडा. म्हणून मी तिला सांगितले, "कोणाचे खरे ते मोजून ठरवू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांची कोष्टके प्रसिद्ध केली आहेत. ती घेऊ, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊ आणि तुझ्या ताटाचा जमाखर्च मांडू." तो जमाखर्च कसा मांडला आणि त्यातून काय निघाले, ते आज तुम्हांला सांगतो.

वीगन म्हणजे काय?

शाकाहारी माणूस मांस, मासे खात नाही. पण दूध आणि दुधाचे पदार्थ खातो. प्राण्यापासून मिळणारा कोणताच पदार्थ, म्हणजे दूध, अंडी आणि मधसुद्धा, जो घेत नाही, त्याला 'वीगन' म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये जन्मला. डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हेजिटेरियन' या इंग्रजी शब्दाची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जोडून तो तयार केला आणि त्याच वर्षी वीगन सोसायटी स्थापन केली.

शब्द नवा असला, तरी असे जेवण आपल्याला नवे नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा हे ताट पाहा. त्यात प्राणिजन्य असे काहीच नाही. कोकणातले घावन आणि काळ्या वाटाण्याची उसळ, देशावरचा झुणका, विदर्भातले जवसाच्या चटणीबरोबरचे जेवण, ही सगळी ताटे वीगनच. तेव्हा 'मी आता खाऊ तरी काय?' हा प्रश्न मराठी घरात फारसा अवघड नाही. अवघड प्रश्न निराळाच आहे. दूध गेल्याने ताटातून नेमके काय गेले आणि ते परत कोठून आणायचे?

दोन पेल्यांत काय होते?

ही विद्यार्थिनी पूर्वी रोज दोन पेले, म्हणजे साधारण अर्धा लिटर गाईचे दूध घेत असे. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे १६ ग्रॅम प्रथिने आणि ६०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शिवाय ब-२ जीवनसत्त्वाचा चांगला साठा आणि सुमारे २ मायक्रोग्रॅम ब-१२ जीवनसत्त्व असते.

आता तिची गरज पाहू. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात, त्याच वयाच्या मुलाला ५५. कॅल्शियम दोघांनाही १०५० मिलिग्रॅम आणि ब-१२ अवघे दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागते. म्हणजे दूध गेल्याबरोबर प्रथिनांचा एक-तृतीयांश, कॅल्शियमचा निम्म्याहून अधिक आणि ब-१२ चा जवळजवळ सगळा पुरवठा थांबला. आईची काळजी पोकळ नव्हती.

पण येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शरीराला 'दूध' लागत नाही, दुधातले घटक लागतात. ते एकाच भांड्यातून मिळाले काय किंवा चार भांड्यांतून मिळाले काय, शरीराच्या लेखी सारखेच. मात्र प्रत्येक घटकाची भरपाई वेगवेगळी तपासली पाहिजे. एकाची भरपाई झाली म्हणून दुसऱ्याची झाली, असे होत नाही.

पांढरे तेवढे दूध नव्हे

पहिली फसगत येथेच होते. दुधाऐवजी नारळाचे दूध घेतले की झाले, असे पुष्कळांना वाटते. दिसायला दोन्ही सारखी असतात, म्हणून गुणही सारखे असावेत, असा हा तर्क. पण दूध पांढरे का दिसते? त्यात स्निग्धांशाचे आणि प्रथिनांचे असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. ते सर्व रंगांच्या प्रकाशाचे जवळजवळ सारखेच विकिरण करतात आणि म्हणून द्रव पांढरा दिसतो. नारळाच्या रसातही तेलाचे सूक्ष्म थेंब पाण्यात तरंगतात, तोही त्याच कारणाने पांढरा. पांढरेपणा सांगतो तो एवढेच, की द्रवात बारीक कण आहेत. त्या कणांत कॅल्शियम आहे की नाही, हे तो सांगत नाही.

नारळाच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. प्रथिने थोडी आणि कॅल्शियम गाईच्या दुधाच्या पाव हिश्श्याहूनही कमी असते. सोलकढी चवीने प्यावी, पण दुधाच्या खात्यात जमा धरू नये.

सोयाबीनचे दूध प्रथिनांच्या बाबतीत खरोखरच गाईच्या दुधाच्या जवळ येते. शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, साली काढून, साताठशे मिलिलिटर पाण्यात वाटून गाळले आणि दहा-पंधरा मिनिटे चांगले उकळले, तर सुमारे तीन टक्के प्रथिने असलेले दूध घरी तयार होते. वाटताना कढत पाणी वापरले तर त्याचा उग्र वास कमी येतो, कारण तो वास निर्माण करणारे विकर उष्णतेने निकामी होते. पण अशा घरगुती दुधाच्या पेल्यात कॅल्शियम थोडेच असते. बाजारात मिळणाऱ्या काही डब्यांत ते वरून मिसळलेले असते, काहींत नसते. म्हणून डब्यावरचे कोष्टक वाचायची सवय लावा. शंभर मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लिहिलेले असेल, तरच तो पेला या बाबतीत दुधाच्या पेल्याच्या बरोबरीचा.

भाकरी आणि उसळ: एक जुनी जोडी

आता प्रथिनांकडे वळू. प्रथिने सुमारे वीस प्रकारच्या ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी नऊ आपले शरीर तयार करू शकत नाही, ती अन्नातूनच यावी लागतात. समजा, सायकलीच्या कारखान्यात दहा सांगाडे, वीस चाके आणि पाचच साखळ्या आहेत. सायकली किती होतील? पाचच! उरलेले सांगाडे आणि चाके पडून राहतील. शरीरातही तसेच होते. एखादे आवश्यक ॲमिनो आम्ल कमी पडले, की बाकीची असूनही नवी प्रथिने तेवढ्याच प्रमाणात बांधली जातात.

धान्यांत लायसीन नावाचे ॲमिनो आम्ल कमी असते. ज्वारीच्या १०० ग्रॅम प्रथिनांत ते सुमारे २.२ ग्रॅमच भरते. प्रौढ माणसाच्या गरजेसाठी ते सुमारे ४.५ ग्रॅम असावे असे मानतात. म्हणजे नुसत्या भाकरीवर राहणाऱ्याच्या कारखान्यात साखळ्या निम्म्याच! उलट मुगाच्या १०० ग्रॅम प्रथिनांत सुमारे ७ ग्रॅम लायसीन असते. डाळींत आणि कडधान्यांत गंधकयुक्त ॲमिनो आम्ले कमी पडतात, पण ती धान्यांत पुरेशी असतात.

आता गणित करा. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात. पंचेचाळीस ग्रॅम कोरड्या मुगातही सुमारे १० ग्रॅम. दोन्ही एकत्र खाल्ली, तर त्या मिश्रणातील लायसीनचे प्रमाण २.२ आणि ७ यांची सरासरी, म्हणजे ४.६ येते. गरज ४.५ ची! भाकरी-उसळ, वरण-भात, मुगाची खिचडी, तांदूळ आणि उडदाची आंबोळी, वरणफळे, धान्ये आणि डाळी एकत्र दळलेल्या भाजणीचे थालीपीठ, या सगळ्या जोड्या ॲमिनो आम्लांचे नावही कोणाला ठाऊक नसताना स्वयंपाकघरात जमून गेल्या.

दोन्ही पदार्थ एकाच घासात असावे लागतात, असे मात्र नाही. शरीरात ॲमिनो आम्लांची थोडी गंगाजळी सतत फिरती असते. सकाळी पोहे आणि दुपारी उसळ खाल्ली तरी दिवसाचा हिशोब जुळतो.

एका दिवसाचे ताट

आम्ही मांडलेला पहिला ताळेबंद असा होता. वजने कच्च्या, कोरड्या पदार्थांची आहेत, पालाभाजी मात्र ताजी. आकडे जवळच्या पूर्णांकात दिले आहेत. पहिला आकडा प्रथिनांचा, ग्रॅममध्ये, दुसरा कॅल्शियमचा, मिलिग्रॅममध्ये.

सकाळी:
कांदेपोहे (पोहे ५० ग्रॅम, शेंगदाणे २५ ग्रॅम), वर लिंबू – १० – २०

दुपारी:
ज्वारीच्या भाकरी (पीठ १०० ग्रॅम) – १० – ३०
मोड आलेल्या मुगाची उसळ (मूग ४५ ग्रॅम) – १० – ४०
तिळाची चटणी (तीळ १५ ग्रॅम) – ३ – १८०
लिंबू पिळलेली कोबीची कोशिंबीर

संध्याकाळी:
फुटाणे (३० ग्रॅम) – ६ – २०
एक पेरू

रात्री:
नाचणीची भाकरी (पीठ ६० ग्रॅम) – ४ – २१५
तुरीच्या डाळीची आमटी (डाळ ३० ग्रॅम) – ६ – २०
भात (तांदूळ ५० ग्रॅम) – ४ – ५
शेवग्याच्या पाल्याची भाजी (पाला ५० ग्रॅम) – ३ – १५५

बेरीज: प्रथिने ५६ ग्रॅम, कॅल्शियम ६८५ मिलिग्रॅम.

डाळी-धान्यांतील प्रथिने दुधातल्यापेक्षा किंचित कमी पचतात, हे धरूनही तिची ४६ ग्रॅमची गरज भागते. मुलाला एखादी भाकरी आणि मूठभर शेंगदाणे वाढवावे लागतील. वाढत्या वयात भूकही भागली पाहिजे, म्हणून भाकरी, भात, तेल, गूळ यांत हात आखडता घेऊ नये. दूध सोडले आणि जागी काहीच घातले नाही, तर माणूस आधी उष्मांकांतच कमी पडतो.

हेच ताट रोज खावे असे मुळीच नाही. एखाद्या दिवशी ताक न घालता केलेले पिठले आणि बाजरीची भाकरी, कधी मिसळ, कधी इडली-सांबार, कधी वालाची उसळ आणि घावन, कधी मसुराची आमटी आणि पोळी. नियम एवढाच, की प्रत्येक मुख्य जेवणात एक धान्य आणि एक कडधान्य किंवा डाळ, एक पालाभाजी, काहीतरी आंबट किंवा ताजे फळ आणि एखादी तेलबियांची चटणी असावी. ती चटणी अधूनमधून जवसाची असावी. ओमेगा-३ मालिकेतील स्निग्धाम्ले जवसात भरपूर असतात. मीठ आयोडीनयुक्त असावे. आणि न दिसणारे दूध-तूप कोठे असते तेही पाहावे. पोळीला लावलेले तूप, शिरा, बेकरीची बिस्किटे, काही पाव, यांत ते असू शकते.

पाटावरचा हिशोब आणि पोटातला हिशोब

प्रथिनांची बाजू अशी सहज जमली. विद्यार्थिनीचा चेहरा उजळला. पण कॅल्शियमचा आकडा पाहून तो पुन्हा उतरला. गरज १०५० ची, जमा ६८५. आई अर्धी जिंकलीच म्हणायची!

शिवाय हे ६८५ सुद्धा सगळे खरे धरता येत नाहीत. अन्नात असलेले आणि आतड्यातून रक्तात गेलेले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. पालकात कॅल्शियम चांगले असते, पण त्याच पानात ऑक्झॅलिक आम्लही पुष्कळ असते. दोघांच्या संयोगाने न विरघळणारे कॅल्शियम ऑक्झॅलेट बनते आणि ते तसेच शरीराबाहेर जाते. दुधातल्या कॅल्शियमपैकी साधारण ३० टक्के शोषले जाते, पालकातल्यापैकी सुमारे ५ टक्केच. तिळातले कॅल्शियमही बरेचसे सालीत आणि ऑक्झॅलेटच्या रूपात असते. म्हणून पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात ते फारच कमी उरते आणि सालीच्या तिळातलेही आम्ही निम्मेच जमेला धरले. म्हणजे ६८५ मधून ९० गेले, उरले ५९५.

आता भरपाई. सकाळी ५० ग्रॅम नाचणीची आंबील वाढवली, १८० मिळाले. नाचणीचे पीठ रात्री नुसत्या पाण्यात कालवून ठेवले, तरी ते आंबते, ताक लागत नाही. कॅल्शियम मिसळलेल्या सोयादुधाचा एक पेला धरला, ३०० मिळाले. बेरीज १०७५. गाडी रुळावर आली! सोयादूध नको असेल, तर कॅल्शियमच्या क्षाराने विरजलेले सोयापनीर म्हणजे टोफू, किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, हे मार्ग आहेत. पालेभाज्यांत पालकापेक्षा मुळ्याच्या पाल्याला मान द्या. त्यात ऑक्झॅलिक आम्ल कमी असते. आपण मुळा घरी आणतो आणि पाला बाजारातच मोडून टाकायला सांगतो, हा उफराटा व्यवहार आहे.

कॅल्शियम शोषण्यासाठी ड जीवनसत्त्व लागते. ते गाईच्या ताज्या दुधातही नगण्यच असते. त्वचेवर ऊन पडले की शरीर ते स्वतः तयार करते. त्यामुळे दूध पिणाऱ्यांनी आणि न पिणाऱ्यांनी, दोघांनीही मैदानावर गेलेच पाहिजे.

लिंबू, मोड आणि कुकर

डाळी-धान्यांत लोह असते, पण ते सहज शोषले जात नाही. ते बहुतांशी फेरिक रूपात असते, आणि धान्याच्या सालीतील फायटिक आम्ल त्याला पकडून ठेवते. येथे स्वयंपाकघरातल्या तीन युक्त्या कामी येतात.

पहिली युक्ती लिंबाची. त्यातील क जीवनसत्त्व फेरिक लोहाचे फेरसमध्ये रूपांतर करते आणि ते अधिक शोषले जाते. पोह्यांवर पिळलेले लिंबू केवळ चवीचे नाही. पेरूच्या १०० ग्रॅममध्ये तर २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते. उलट चहातील टॅनीन लोह अडवते, म्हणून जेवणाबरोबर चहा नको, तासाभराने घ्यावा.

दुसरी युक्ती भिजवण्याची, मोड आणण्याची आणि आंबवण्याची. दाणा उगवू लागला की त्यातील फायटेज हे विकर जागे होते आणि फायटिक आम्ल मोडू लागते. मोड आल्याने प्रथिने वाढतात, असा एक समज आहे, तो मात्र खरा नाही. ४५ ग्रॅम मूग मोड आल्यावर शंभरेक ग्रॅम भरतात, पण वाढलेले वजन पाण्याचे असते. प्रथिने होती तेवढीच राहतात.

तिसरी युक्ती कुकरची. बंद कुकरमध्ये वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. अनेक रासायनिक क्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो, म्हणजे २० अंशांनी चौपट. म्हणून डाळ लवकर शिजते. सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारा एक घटक असतो, तो उष्णतेने निकामी होतो. राजम्यातील अपायकारक द्रव्यही पूर्ण उकळल्यानेच जाते. सोयाबीन आणि राजमा कच्चे किंवा अर्धवट शिजलेले कधीही खाऊ नयेत.

स्वयंपाकघरात न सापडणारी नोंद

येथवर प्रत्येक खात्याची भरपाई घरातल्या डब्यांतून किंवा बाजारातून झाली. आता शेवटचे खाते, ब-१२ जीवनसत्त्वाचे. ते आम्ही कोष्टकात शोधत गेलो. ज्वारी, मूग, तीळ, नाचणी, शेवगा, सगळीकडे उत्तर एकच: शून्य.

कारण असे, की हे जीवनसत्त्व कोणतीच वनस्पती तयार करत नाही, आणि गायही करत नाही. ते तयार करतात सूक्ष्म जीव. गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात राहणारे जीवाणू ते बनवतात आणि तेथून ते दुधात उतरते. या रेणूच्या मध्यभागी कोबाल्ट धातूचा एक अणू असतो. हे जीवनसत्त्व १९४८ साली शुद्ध रूपात वेगळे करण्यात आले. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली आणि ती १९५६ साली प्रसिद्ध झाली. क्ष-किरणांनी महत्त्वाच्या जैवरासायनिक पदार्थांच्या रचना शोधल्याबद्दल त्यांना १९६४ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थविज्ञानाने जीवशास्त्राला दिलेल्या देणग्यांत हिची गणना करावी लागेल.

ब-१२ कमी पडले तर रक्तातील तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. हातापायांना मुंग्या येतात, चालण्याचा तोल जातो, स्मरणशक्तीवर परिणाम होतो. मज्जातंतूंची हानी फार पुढे गेली तर ती भरून येईलच असे नाही. आणि खरी मेख पुढेच आहे. हे सगळे लगेच होत नाही.

किरणोत्सर्गी पदार्थाचा अर्धायुष्यकाल तुम्ही शिकला असाल. येथेही तेच गणित चालते. शरीरात, मुख्यतः यकृतात, ब-१२ चा साठा असतो आणि त्यातला रोज साधारण ०.१ ते ०.२ टक्का खर्च होतो. ०.१ टक्का धरून साठा निम्म्यावर यायला किती दिवस लागतील? सुमारे ६९३ दिवस, म्हणजे जवळजवळ दोन वर्षे! ज्याचा साठा मुळात भरलेला आहे, त्याने ब-१२ पूर्ण बंद केले तरी वर्ष-दोन वर्षे त्याला काहीही जाणवणार नाही. "मी वर्षभर असाच जेवतो, मला काय झाले?" हा युक्तिवाद म्हणूनच फसवा आहे. टाकीचा नळ बंद झाला तरी टाकी रिकामी होईपर्यंत घरात पाणी येतच राहते.

आंबवलेल्या इडलीतून, मोडांतून किंवा स्पिरुलिनासारख्या शेवाळातून ब-१२ मिळते, असे सांगितले जाते. त्यावर विसंबू नका. आंबवणारे नेहमीचे जीवाणू त्याचा भरवशाचा पुरवठा करत नाहीत, आणि स्पिरुलिनात असते ते बरेचसे नुसते तसे दिसणारे द्रव्य. आपल्या शरीराला ते वापरता येत नाही. उपाय एकच: ब-१२ मिसळलेले पदार्थ किंवा गोळी, नियमाने. ही गोळी वीगन तत्त्वाला सोडून नाही, कारण त्यातले ब-१२ कारखान्यात जीवाणू वाढवूनच मिळवतात. गायीच्या पोटात जे घडते, तेच पोलादी टाकीत घडवलेले. गोळीची मात्रा डॉक्टरांनी ठरवावी. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतीत तर त्यांच्या सल्ल्याविना असा आहार सुरूच करू नये.

दूध पिणाऱ्यांनीही येथे निर्धास्त होऊ नये. पुणे परिसरातील पुरुषांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, आणि ती माणसे काही वीगन नव्हती. चहापुरते दूध म्हणजे पुरेसे ब-१२ नव्हे.

मग खरे कोणाचे?

ताळेबंद पुरा झाला. प्रथिनांच्या बाबतीत मुलीचे खरे ठरले. कॅल्शियमच्या बाबतीत आईची शंका रास्त होती, पण तिला उत्तर निघाले. ब-१२ च्या बाबतीत दोघींनाही ठाऊक नव्हते ते कोष्टकाने सांगितले. विद्यार्थिनीने तो कागद घरी नेला. पुढच्या आठवड्यात ती सांगत आली, की आईने तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला आहे, नाचणीचा डबा खालच्या फळीवर आला आहे आणि डॉक्टरांनी रक्त तपासून गोळी सुरू केली आहे. वाद मिटला का, असे मी विचारले. ती म्हणाली, "नाही सर, पण आता आम्ही आकड्यांवरून भांडतो." मला तेवढे पुरे होते.

दूध घ्यावे की सोडावे, हे ज्याच्या त्याच्या मनाचे आणि घराचे. त्याचा निर्णय विज्ञान देत नाही. पण जो निर्णय घ्याल त्याची किंमत किती आणि ती कोठे चुकवावी लागेल, हे विज्ञान नक्की सांगते.

आता एक काम तुमच्याकडे. उद्या एक दिवस आपल्या ताटातल्या प्रत्येक पदार्थाचे कच्चे वजन लिहून ठेवा. दूध पीत असाल तरीही ठेवा. शिक्षकांच्या मदतीने कोष्टके मिळवा आणि प्रथिने, कॅल्शियम, लोह व ब-१२ असे चार रकाने आखून बेरीज करा. वर्गातल्या दहा जणांचे कागद शेजारी शेजारी ठेवून पाहा. कोणाचा कोणता रकाना रिकामा आहे, हे पाहून तुम्हांला नवल वाटेल. दूध पिणाऱ्यांचेही काही रकाने रिकामे सापडतील.